धुरपदाबाईचा आवाज

हर्षदा हसली. यात आता काही बदल होण्यासारखा नव्हता. प्रश्न एवढाच उरला होता की ती आधी हसली आणि मग तिला ओळख पटली, की ओळख पटली आणि तरीही ती हसली. जेवणाची सुट्टी होती. रिंगरोडच्या मार्केटमधल्या त्यांच्या पेढीच्या मागच्या खोलीत बिलांची बाडं बाजूला सारून पोरी डबे उघडून बसल्या होत्या, आणि जिग्ना, जिच्या फोनवर रोज काहीतरी दाखवण्यासारखं निघायचंच, तिने घास तोंडात तसाच ठेवून फोन सगळ्यांकडे वळवला. ‘जो ने, आ काकीने जो!’ पडद्यावर एक बाई हात उगारून ओरडत होती. डोक्यावरचा पदर घसरलेला, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. मागे कोणीतरी ढोलकी जोडली होती. बाई म्हणायची, ‘आमना डोया गयात, तुमन्या टिक्या चमकन्यात!’ म्हणजे आमचे डोळे गेले, तुमच्या टिकल्या चमकल्या, आणि शेवटच्या शब्दावर तिचा आवाज चिरकायचा, तिथेच तो कापून पुन्हापुन्हा वाजवला होता, आणि मधेच एक शेळी बें करायची, बरोबर त्याच सुरात. शेळीपाशी सगळ्या फुटल्या. हर्षदाही फुटली. तिच्या तोंडातून पाण्याचा फवारा उडाला, जिग्नाने तिच्या पाठीवर थाप मारली, आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. दुसऱ्या वेळीही हर्षदा हसत होती. दुसऱ्या वेळी तर ओळख पटलेली होतीच, याबद्दल तिला स्वतःशीसुद्धा काही वाद घालता येत नव्हता.

बाईच्या मागची भिंत पोपटी रंगाची होती. तो रंग हर्षदानेच दोन दिवाळ्यांपूर्वी पसंत केला होता.

जिग्नाने विचारलं होतं, ही नवागामची आहे म्हणतात, तू पण त्याच बाजूला राहतेस ना? आणि हर्षदाने ओढणीने हनुवटी पुसत म्हटलं होतं, ‘ना रे, अमे तो परवत पाटिया.’ एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. एक खोटं बोलून माणूस गप्प बसू शकतो. पण खोलीत अजून हसू शिल्लक होतं, सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे होते, आणि काहीतरी भर घालावी असं तिला वाटलं. ती म्हणाली, ‘ए लोको एवा ज होय.’ ती माणसं असलीच असतात. अगदी सहज म्हणाली. गुजराती इतकं साफ की पेढीवर आजवर कोणाला शंका आली नव्हती. हर्षदा पाटील हे नाव तिने इथे ‘हर्षा’ करून टाकलं होतं, आणि आडनावाचा विषय निघाला की ‘अमे बॉर्डरवाळा’ म्हणून मोकळी व्हायची, म्हणजे नंदुरबारकडचे, म्हणजे जवळजवळ तुमचेच. मग डबा बंद करताना तिच्या लक्षात आलं की भाकरी तशीच राहिली आहे. ती तिने कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली. मायच्या हातची भाकरी तिने आजवर कधी टाकली नव्हती. आज का टाकली हे तिला कळेना. दुपारभर ती बिलं करत राहिली, आणि प्रत्येक बिलावर साड्याच होत्या. टिकीवर्क, स्टोनवर्क, लेसपट्टी. या खोलीत त्यांची फक्त नावं यायची. साड्या घरी होत्या, नवागामला, मायच्या मांडीवर.

मांडीवर साडी घ्यायची, बोटाला गम लावायचा, छापलेल्या ठिपक्यावर गम टेकवायचा आणि लगेच वर टिकी. गम वाळायच्या आत. सगळं घर त्या गमच्या वासाने भरलेलं असायचं, डोक्यात चढणाऱ्या, गोडसर. हर्षदा लहान असताना तिला वाटायचं की आई नावाच्या माणसाला हाच वास असतो. शाळेतल्या गुजराती मैत्रिणींच्या आया जवळ आल्या की त्यांना तो यायचा नाही, तेव्हा त्या खोट्या आया वाटायच्या. मग पुढे कधीतरी हे उलट झालं. कधी झालं ते आठवत नाही. पाचवी-सहावीत असेल. शाळेत पालकांना बोलावलं होतं आणि तिची माय, धुरपदाबाई, नवं लुगडं नेसून, ओच्यात टिक्या चिकटलेल्या तशाच घेऊन आली होती. बाईंनी गुजरातीत विचारलं, पोरीचा अभ्यास कोण घेतं? धुरपदाबाई खणखणीत आवाजात म्हणाली, ‘ती सोताच करस, बाई. मना डोकं कोठे चालस इतलं?’ वर्ग हसला. बाईसुद्धा जरा हसल्या, पण प्रेमानेच हसल्या असाव्यात. धुरपदाबाईही हसली, कारण तिला वाटलं आपण विनोद केला. एकटी हर्षदा हसली नाही. त्या दिवशी तिने ठरवून टाकलं होतं की यापुढे ती घरात मायशी अहिराणीत बोलणार नाही. ती मराठीत नाहीतर हिंदीत बोलायची, माय अहिराणीत उत्तर द्यायची, आणि अशी वर्षं गेली. मायने एकदाही विचारलं नाही की तू आपलं का बोलत नाहीस.

संध्याकाळी पेढीवरून सुटून ती बसमध्ये बसली आणि फोन काढला. काढायचा नाही असं ठरवून काढला. ते गाणं सापडायला वेळ लागला नाही, एव्हाना त्याच्याही नकला निघाल्या होत्या. एक दाढीवाला डोक्यावर टॉवेल घेऊन बाई झाला होता. एका नवऱ्याने ते बायकोवर लावलं होतं, बायको खरेदीच्या पिशव्यांनी लादलेली, आणि तो छाती पिटत म्हणत होता, ‘आमना डोया गयात!’ खाली हसून लोळणारे चेहरे, ओळीच्या ओळी. काकी एक नंबर. काकीला चष्मा द्या रे. कोणी शिव्या दिलेल्या नव्हत्या. तशा दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. शिवीला उत्तर देता येतं, निदान राग तरी येतो. इथे सगळे प्रेमाने हसत होते. शाळेतल्या त्या बाईंसारखेच.

आणि हे सगळं सुरू कोणी केलं? तिनेच. यात तिला कोणी फसवलं नव्हतं, ढकललं नव्हतं. महिन्याभरापूर्वीची गोष्ट. टिक्या आधीपेक्षा बारीक आल्या, साडीवर दाट बसवायच्या होत्या, आणि मनसुखभाई, जो टेम्पोतून माल आणून गल्लीत वाटायचा आणि तयार साड्या घेऊन जायचा, तो म्हणाला की भाव जुनाच. बायकांनी कुरकुर केली. कुरकुर दर वर्षीच व्हायची आणि दर वर्षीच बायका माल उचलायच्या. पण यंदा शेजारची इंदुबाई म्हणाली की मला ठिपकाच दिसत नाही, मी अंदाजाने लावते, आणि धुरपदाबाईने मांडीवरची साडी खाली ठेवली. सात-आठ जणी जमल्या. त्यांनी ठरवलं की भाव वाढल्याशिवाय माल घ्यायचा नाही. हर्षदाला त्या दिवशी मायचा अभिमान वाटला होता, खरोखर वाटला होता, तेही विसरून चालणार नाही. तिनेच म्हटलं, सात जणींनी काय होणार, मनसुखभाई पलीकडच्या गल्लीत देईल माल. सगळ्या गल्ल्यांना कळलं पाहिजे. आणि तिने फोन काढला. पोपटी भिंतीसमोर मायला उभं केलं आणि सांगितलं, बोल, जोरात बोल, मनात असेल ते बोल.

माय बोलली, आणि बराच वेळ बोलली. ओरडली ती फक्त सुरुवातीला, त्या एका वाक्यापुरती, आणि त्यानंतर तिचा आवाज खाली आला. ती म्हणाली, ‘मनसुखभाऊ, तुमनासंगे आमनं काही वैर नही. इंदुबाईले आते तांदुयमा खडा दिसत नही. तुमना घरमा बी माय व्हई. तिले एक दिन आठे बसाडा, मांडीवर साडी द्या, मंग तुमीच भाव सांगा.’ असं ती, कानबाईचं गाणं सांगावं तसं, सावकाश बोलत गेली. श्रावणात खानदेशची देवी, कानबाई, बसते तेव्हा अख्ख्या गल्लीत पहिली ओळ धुरपदाबाईनेच उचलायची असते, बाकीच्या मागून धरतात. तो आवाज होता तो. पण हर्षदाला माहीत होतं की लोक एवढं बघत नाहीत. बोट सरकतं. लोकांना धरून ठेवायचं तर सुरुवातीलाच काहीतरी ठसका पाहिजे आणि मग लगेच संपलं पाहिजे. तिने मागचं सगळं कापलं. ओरडणं ठेवलं. आणि खानदेश समाजाच्या जेवढ्या म्हणून ग्रुपात ती होती, तेवढ्यांत टाकून दिलं.

ते चाललं, हेही खरंच होतं. पुढच्या आठवड्यात डिंडोलीहून बायका आल्या, उधन्याहून आल्या. कोणी विचारत यायची, ती डोयावाली बाई कुठे राहते. मनसुखभाई टेम्पो घेऊन आला आणि भरलेलाच परत गेला, गल्लीत असं कधी घडलं नव्हतं. रात्री जेवताना माय म्हणाली होती, तुना फोनमा गह्यरी ताकद शे बरं. हर्षदा त्यावर फुगली होती. मग कुठल्या तरी पोराने, कुठल्या तरी कंटाळलेल्या दुपारी, त्याला ढोलकी आणि शेळी लावली. त्याचंही काही वैर नव्हतं. त्याच्या हातात जे आलं ते मुळातच एक ओरडणारी बाई होती, बाकीची बाई त्याला मिळालीच नव्हती. कापलेला भाग तिने आता बसमध्ये शोधला. मागे जात जात गेली, बिलांचे फोटो, मैत्रिणीच्या हळदीचे फोटो, एका कुर्त्याचे चार फोटो. तो नव्हता. मधे फोन भरला म्हणून तिने मोठमोठे व्हिडिओ निवडून एकदम उडवले होते, त्यातच गेला असणार. कुर्त्याचे चारही फोटो मात्र जागच्या जागी होते. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि खिडकीकडे तोंड केलं. तिला स्वतःची शिसारी आली.

मायकडे साधा फोन होता, बटणांचा. त्यामुळे मायला हे कळलेलं नसणार, या एका गोष्टीचा तिला आधार होता. पण आज संध्याकाळी मनसुखभाई बोलणी करायला यायचा होता, मोठ्या रस्त्यापलीकडच्या समाजाच्या वाडीत, म्हणजे लग्नकार्याच्या हॉलमध्ये. तिथे मायच बोलणार हे ठरलेलं होतं. दुसरं कोण बोलणार? आणि लोक जमणार, पोरं जमणार, ती काय ऐकायला जमणार हे हर्षदाला ठाऊक होतं. मायला आधी सांगायला हवं होतं. सांगायचं तर कसं? तुझ्यावर लोक हसतात असं सांगायचं, की आम्ही हसतो असं?

घरी पोचली तेव्हा तिचे वडील, अण्णा, बाजेवर बसले होते. त्यांचं, उखा पाटलांचं, आयुष्य लूमच्या खात्यात, मागांच्या खडखडाटात गेलं, आणि जाताना कान घेऊन गेलं. आता समोरचा ओरडला तरच त्यांना थोडंफार पोचायचं. त्यांच्या हातात शेजारच्या कोणाचा तरी फोन होता आणि ते तो डोळ्यांपासून लांब धरून बघत होते. हर्षदाने वाकून पाहिलं. ढोलकी चालू होती, शेळी चालू होती. अण्णांना त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ते म्हणाले, ‘चांगली दिसी ऱ्हायनी तुनी माय.’ आणि पुन्हा बघू लागले, चेहऱ्यावर कौतुक. हर्षदाने त्यांच्या हातून फोन घेतला तर त्यांनी लहान मुलासारखा परत मागितला. तिने तो दिला. त्या घरात तो व्हिडिओ नीट बघणारं एकच माणूस होतं, आणि ते बहिरं होतं.

धुरपदाबाई आत ओट्यापाशी होती. ‘उनी का व? हातपाय धोय. च्या ठेवेल शे.’ चहा पिताना हर्षदाने बरेचदा तोंड उघडलं आणि बिस्किट घातलं. शेवटी मायच म्हणाली, ‘मले जरासं गुजरातीमा सांग ना. तुमी हापिसमा बोलतस तसं.’

‘तुला येतं की गुजराती.’

‘ते भाजीवालानं गुजराती. शेठ लोकेसना पुढे कसं बोलनं, ते सांग.’

‘आज गुजरातीत कशाला?’

‘त्याले समजाले पायजे ना,’ माय म्हणाली, आणि ओट्यावरचं फडकं उगाच घडी करून पुन्हा उलगडलं. ‘आपलं त्याले समजत नही.’

मनसुखभाई पंधरा-वीस वर्षं या गल्लीत माल देत होता. त्याला अहिराणी तर समजायचीच, शिव्यासुद्धा यायच्या. हर्षदाला हे माहीत होतं, मायलाही होतं. आपण काय सांगायचं, कसं सांगायचं, हा सगळा घोर मात्र मायने हर्षदाच्या डोक्यावरून उतरवला होता, आणि तिला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. आपल्याला बरं वाटतंय हे कळल्यावर तिला पुन्हा लाज वाटली, पण बरं वाटणं काही गेलं नाही. तिने मायला वाक्यं बांधून दिली. महेरबानी करीने. अमारी वात सांभळो. अमारी आंखो नबळी पडे छे. कृपा करून आमचं ऐका, आमचे डोळे अधू होतायत. माय तिच्या तोंडाकडे बघत एकेक शब्द उचलत होती. ‘आंखो,’ हर्षदा म्हणायची. ‘आंखो,’ माय म्हणायची, आणि ‘बरोबर का?’ असं बघायची. ज्या बाईच्या मागून गल्ली गाणं धरायची, ती आता पोरीच्या मागून धरत होती. एकदोनदा चुकून ‘डोया’ तोंडात आलं, तेव्हा मायने जीभ चावली आणि दाराकडे पाहिलं. त्याच क्षणी हर्षदाला कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल. कळलेल्या गोष्टी न कळल्यासारख्या ठेवण्यात ती आता चांगलीच तयार झाली होती.

वाडीत गर्दी होती. बायका खाली बसल्या होत्या, त्यांच्या मागे त्यांचे नवरे, दीर, आणि त्यांच्याही मागे भिंतीला टेकून, पायऱ्यांवर चढून, पोरंच पोरं. मनसुखभाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. बाहेर त्याचा टेम्पो उभा होता, त्यात गठ्ठे भरलेले. तो आधीपासूनच हसत होता, म्हणजे त्यानेही पाहिलेलं होतं. धुरपदाबाई उठली. तिने पदर डोक्यावरून घेऊन कानामागे नीट खोचला. आणि सगळ्या वाडीत एकदम हात वर झाले. मत द्यायला नव्हे, फोन धरायला. हर्षदा बायकांच्या मागे, खांबाच्या आड उभी होती. तिथून तिला मायचा चेहरा दिसत नव्हता, पण पुढच्या कित्येक पडद्यांवर तो दिसत होता, एकच चेहरा, लहान लहान, सगळ्या पडद्यांवर सारखाच घाबरलेला. एका पोराने हळूच शेळीचा आवाज काढला. कोणीतरी त्याला चूप म्हटलं, पण तेही हसत.

‘भाई,’ धुरपदाबाई म्हणाली, ‘महेरबानी करीने अमारी वात सांभळो.’

आवाज इतका बारीक होता की मागच्यांनी माना पुढे काढल्या. ती हात मांडीशी जुळवून उभी होती. ‘आ काममां अमारी आंखो नबळी पडे छे. भाव थोडो वधारी आपो.’ एवढंच. तिने हर्षदा होती त्या बाजूला क्षणभर पाहिलं, बरोबर झालं का असं, आणि खाली बसली. एकही शब्द चुकला नव्हता. कोणी हसलं नाही. पोरं थोडा वेळ फोन तसेच धरून थांबली, अजून काहीतरी येईल म्हणून. मग एकेक हात खाली आला. भिंतीजवळचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, ‘कुछ नहीं है, चल.’ पायऱ्या रिकाम्या होऊ लागल्या. मनसुखभाईच्या चेहऱ्यावरचं हसू जरा कमी झालं, त्याचीही निराशा झाली असावी. मग तो सैल झाला. म्हणाला, ‘जोईशुं, बेन. सिझन पतवा दो.’ बघू, आधी सिझन तर संपू द्या. आणि उठता उठता, मनापासून, ‘तमारुं गुजराती तो सरस छे.’

हर्षदाला वाटलं आता माय उभी राहील. आता ओरडेल. सगळे फोन खाली गेले आहेत, आता ओरडली तर काय बिघडणार आहे? आणि मग तिला वाटलं, आपण ओरडावं. तुझ्या आईला एक दिवस इथे बसव, म्हणावं. ती वाक्यं तिला पाठ होती, तिनेच तर कापली होती. तिने खांबाला हात लावला. पण ती वाक्यं अहिराणीत होती, आणि तिच्या तोंडाला त्या शब्दांची सवय राहिली नव्हती, आणि कोणीतरी फोन उचललाच तर उद्या जिग्नाच्या हातात तो जेवणाच्या सुट्टीत असणार होता. एवढं सगळं तिच्या मनात येऊन जाईपर्यंत टेम्पोची फळी खाली पडल्याचा आवाज आला. पहिला गठ्ठा इंदुबाईने उचलला. कोणाकडे न बघता उचलला. मग तिच्या मागची उठली. डिंडोलीच्या बायका आपापसात काही बोलल्या आणि निघून गेल्या. गल्लीच्या बायका रांगेत लागल्या. हे लांबत चाललेलं भांडण संपलं म्हणून त्यांच्या नवऱ्यांना बरं वाटलेलं दिसत होतं. सगळ्यांत शेवटी धुरपदाबाई गेली आणि तिनेही गठ्ठा घेतला.

दोघी निघाल्या. गठ्ठा मायच्या कमरेवर होता, हर्षदा म्हणाली दे माझ्याकडे, माय म्हणाली राहू दे, तुझा ड्रेस खराब होईल. अजून उजेड होता. रस्त्याच्या अलीकडे पालिकेचं पाणी साचलं होतं, त्याच्या कडेकडेने जावं लागत होतं. मग माय समोर बघत म्हणाली, ‘कानबाईना दिन मना डोकावर कानबाई व्हती.’

हर्षदाला ते माहीत होतं. विसर्जनाला कानबाई चौरंगासकट डोक्यावर घेऊन बायका तापीवर जातात, दोन्ही हातांनी धरून. यंदाचा पहिला मान मायचा होता. तो सोमवार होता आणि हर्षदा पेढीवर गेली होती. सुट्टी मागितली असती तर कशाची म्हणून सांगावं लागलं असतं.

‘पोरेस्नी ते गानं लावं, डीजेवर,’ माय म्हणाली. ‘मले पहिले समजनंच नही. म्हनं, हाई कोन बाई शे, इतली किंचाळस? मंग समजनं.’ ती थोडी थांबली. गठ्ठा वर सरकवला. ‘बठ्ठा नाची ऱ्हायंतात. इंदुबाई बी हासनी. कान झाकाले मना हात कोठे मोकया व्हतात? कानबाई खाले ठेवता येस नही. चालनं पडनं.’

तापी तिथून जवळ नाही. हर्षदाला सगळा रस्ता दिसला, त्यावरची सगळी वळणं. चौरंग धरलेले वर उचललेले दोन हात आणि त्यांच्या मधोमध मायचा चेहरा, उघडा. आणि पुढे ट्रकवर मायचाच आवाज, तुटलेला, चिरकलेला, पुन्हा पुन्हा. तेव्हा आपण काय करत होतो? बिलं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. रडण्याचाही हक्क सांगावा लागतो, आणि तिने तो दुपारीच सोडून दिला होता.

‘मला सांगितलं का नाहीस?’ ती म्हणाली.

मायला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं, आणि ते ती कितीतरी दिवस धरून बसली असावी, कारण विचारताना तिचा आवाज वाडीत झाला होता तसाच बारीक झाला. ‘तुना हापिसमा बी देखं व्हई ना ते?’

‘हो. आज बघितलं.’

‘मंग? कोन्ही वळखं का, तुनी माय शे म्हनीसन?’

‘नाही.’

‘तू सांगं नही ना?’

हर्षदाने मायकडे पाहिलं. मायच्या चेहऱ्यावर दोष नव्हता, टोमणा नव्हता. तिथे नुसती धास्ती होती, पोरीचं काही बिघडलं तर नाही ना याची. सांगावं, आत्ताच सगळं सांगावं, असं हर्षदाच्या मनात आलं. भाकरी, परवत पाटिया, ए लोको एवा ज होय. तिने तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून आपलं निघालं.

‘नही सांगं, माय.’

‘चांगलं करं,’ धुरपदाबाई म्हणाली. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं उघड दिसलं. ‘सांगजो बी नको.’

मोठ्या रस्त्याच्या कडेला पानाच्या टपरीपाशी तीन-चार पोरं उभी होती, गल्लीतली नव्हेत, बाहेरची, चांगल्या कपड्यांतली. त्यांतल्या एकाने मायकडे निरखून पाहिलं, दुसऱ्याला कोपर मारलं आणि खिशात हात घातला. मायने ते हर्षदाच्या आधी पाहिलं. ‘तू मांगे ऱ्हाय,’ ती हळूच म्हणाली, गठ्ठा दुसऱ्या कमरेवर घेतला, आणि झपाझप पुढे झाली, बरोबर कोणी नाहीच अशी. फोन वर आला. हर्षदा टपरीपाशी थांबली, पर्समधून काहीतरी शोधल्यासारखं केलं, आणि माय रस्ता ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी राहिली.